फेअरली कडक

उंच बाई गादीवर उताण्या पडल्या होत्या. डोळे मिटलेले, हात पोटावर, आणि बूट खाली जमिनीवर एकमेकांना चिकटून शिस्तीत ठेवलेले. भोवती तीन माणसं श्वास रोखून उभी होती. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, आत काहीतरी दुःखद घडलं आहे.

तसं काही नव्हतं. बाई गादी पारखत होत्या. मागच्या गल्लीतली बंद पडलेली तीन मजली इमारत त्यांनी घेतली होती, तिथे त्या गेस्टहाऊस काढणार होत्या आणि खोलीखोलीला गाद्या लागणार होत्या. बाई परदेशातून आलेल्या, केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, आणि बोलणं इंग्रजीतून, तेही कुठे न अडखळता.

उभ्या असलेल्या तिघांपैकी एक गादीवाला. त्याचं पुढे दुकान आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यात कापसाचे ढीग. दुसरी त्याची बायको. खोळी ती शिवायची, कडा ती घालायची आणि आलेलं गिऱ्हाईक गोड बोलून वळवायचं कामही तिचंच. कोपऱ्यावर तयार गाद्यांचं चकचकीत दुकान उघडल्यापासून वळवायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. ही ऑर्डर हुकली तर मागची खोली भाड्याने देऊन टाकायची, असं नवराबायकोने ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे, त्याविषयी बोलायचं दोघं टाळत होते.

तिसऱ्या होत्या नणंदबाई, गादीवाल्याची थोरली बहीण. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला, आता निवृत्त झाल्या आणि हवापालट म्हणून भावाकडे आल्या. आल्या खऱ्या, पण घरात असून नसल्यासारख्याच असायच्या. चिमणीएवढं जेवायच्या आणि खिडकीशी बसून राहायच्या. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं स्पेलिंग चुकलंय, एवढं एकच वाक्य त्या आल्यापासून आपणहून बोलल्या होत्या.

बाईंनी डोळे उघडले. "क्वाइट सॉफ्ट," त्या म्हणाल्या. मग गादीवर हात फिरवत म्हणाल्या, "क्वाइट गुड." बूट घातले, तिघांकडे बघून हसल्या आणि पुन्हा येते असं सांगून गेल्या.

गादीवाल्याने खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "झालं काम," तो बायकोला म्हणाला. "क्वाइट म्हणजे एकदम. एकदम मऊ, एकदम चांगली."

"नाही," नणंदबाई म्हणाल्या.

दोघंही वळले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांचा आवाज इतका खणखणीत निघाला नव्हता.

"क्वाइट गुड म्हणजे एकदम चांगली नव्हे. क्वाइट गुड म्हणजे ठीक आहे, चालेल, वाईट नाही. अस्सल इंग्रज माणूस तोंडावर नावं ठेवत नाही. तो क्वाइट म्हणतो आणि निघून जातो."

"पण ताई, तूच लहानपणी सांगायचीस, क्वाइट इम्पॉसिबल म्हणजे पूर्ण अशक्य म्हणून."

"ते इम्पॉसिबलच्या आधी. अशक्य गोष्ट कमीजास्त नसते ना, असते किंवा नसते. तिथे क्वाइट म्हणजे पूर्ण. गुड कमीजास्त असतं, तिथे क्वाइट म्हणजे बेताचं."

गादीवाल्याने थोडा विचार केला. "म्हणजे पुढे कोण बसलंय ते बघून हा शब्द बोलणं बदलतो."

"असंच समज हवं तर."

"आणि सॉफ्ट?"

"क्वाइट सॉफ्ट ही तक्रार आहे. सभ्य भाषेतली."

गादीवाली म्हणाली, "त्या रोज इथूनच जातात. उद्या त्यांनाच विचारू या ना, गादी कशी हवी म्हणून."

नणंदबाईंनी तिच्याकडे जी नजर टाकली, तिच्यापुढे अनेक वर्गांनी माना खाली घातल्या असणार. "अगं, असं विचारायचं नसतं. माणसाने ते शब्दांतच सांगितलेलं असतं. आपण ऐकायचं."

त्या रात्री नणंदबाईंनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली, हे गादीवालीच्या नजरेतून सुटलं नाही.

नमुन्याची गादी एकच होती, आणि नव्या गादीत अडकवायला हाताशी पैसा नव्हता. तेव्हा तीच उसवली. कापूस कमी केला, खाली काथ्याचा एक थर वाढवला आणि पुन्हा शिवली. बाई आल्या, आडव्या झाल्या आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या.

"फेअरली हार्ड," त्या म्हणाल्या. हसल्या आणि गेल्या.

"कडक झाली वाटतं," गादीवाला म्हणाला.

"फेअरली म्हणाली ती," नणंदबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवर लाली आली होती. "आपल्याला हवीशी गोष्ट असेल तर फेअरली, नकोशी असेल तर रादर. चहा गरम आवडत असेल तर तो फेअरली हॉट. जीभ भाजली तर रादर हॉट. तिला कडक गादी आवडते, हे आज तिने आपल्याला अगदी स्वच्छ सांगितलं. फक्त फेअरली म्हणजे बऱ्यापैकी. अजून थोडी वाढव."

गादीवाली मागच्या खोलीत नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्यांच्या भुवया बघितल्या का तुम्ही?"

"भुवयांचं व्याकरण नसतं ना," गादीवाला म्हणाला आणि उसवायला बसला.

कापूस आणखी कमी झाला, काथ्या आणखी वाढला. बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या टेकल्या तेव्हा टेबलावर वजनदार पिशवी ठेवल्यासारखा आवाज झाला. "प्रिटी हार्ड," त्या म्हणाल्या आणि कंबर चोळत निघाल्या.

"प्रिटी म्हणजे सुंदर," गादीवाला आशेने म्हणाला. "सुंदर कडक."

नणंदबाईंनी भिंतीवरच्या फळ्यावर, जिथे एरवी मापं लिहिलेली असत, एक शिडी काढली. खालच्या पायरीवर फेअरली, मधल्या पायरीवर प्रिटी, वरच्या पायरीवर व्हेरी. "आपण इथे आहोत," मधल्या पायरीवर खडू टेकवत त्या म्हणाल्या. "एकच पायरी राहिली."

गादीवालीने त्या शिडीकडे बघितलं आणि मग नणंदबाईंकडे. अलीकडे त्या लवकर उठत, केस नीट विंचरत, जेवताना शाळेतल्या गोष्टी सांगत. एका मुलाने उत्तरपत्रिकेत 'आय अॅम टू हॅपी' लिहिलं होतं, त्यावर त्यांनी त्याला अर्धा तास कसं समजावलं आणि शेवटी तो रडवेला होऊन 'आता नाही हॅपी' कसं म्हणाला, ही गोष्ट सांगताना त्या स्वतःच हसल्या होत्या. भावाकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्या माहेरी आल्यासारख्या दिसत होत्या. अशा बाईला 'तुमचं चुकतंय हो' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि चुकतंय हे तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे? गादीवालीने दाभणात दोरा ओवला.

शेवटची पायरी चढताना गादीवाल्याने उरलासुरला कापूसही काढून टाकला आणि खाली एक फळी घातली. बाई आल्या. त्या झोपल्या नाहीत. त्यांनी गादीवर बोटाने टकटक केलं, दारावर करतात तसं, आणि कुणी आतून उत्तर देतंय का याची वाट बघितल्यासारखं करून म्हणाल्या, "रादर हार्ड."

नणंदबाई मटकन खुर्चीवर बसल्या. "रादर," त्या पुटपुटल्या. "रादर म्हणाली. नकोशी. हद्द ओलांडली आपण."

"मग आता?"

"मऊ कर. भरपूर मऊ कर. तिला खात्री पटायला हवी की आपल्याला समजलंय."

गादीवाल्याला कुठलीच गोष्ट अर्धवट करायची सवय नव्हती. फळी गेली, काथ्या गेला, काढलेला कापूस परत आला आणि वर खोळीत मावेल तेवढा आणखी पिंजलेला कापूस गेला. गादी इतकी फुगली की दारातून पुढच्या दुकानात आणताना तिला एका कुशीवर वळवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, त्यांनी गादीकडे बघितलं, मग गादीवाल्याकडे बघितलं, बूट काढले आणि आडव्या झाल्या. गादीने त्यांना हळूहळू आत घेतलं. आधी कंबर गेली, मग खांदे गेले. शेवटी वर फक्त नाक आणि दोन गुडघे उरले. आतून काहीतरी ऐकू आलं, पण कापसामुळे शब्द कळेनात. गादीवाल्याने एक हात धरला, गादीवालीने दुसरा, आणि दोघांनी मिळून बाईंना बाहेर काढलं. त्यांच्या पांढऱ्या केसांवर पांढरा कापूस बसला होता, त्यामुळे तो निदान दिसत तरी नव्हता.

"टू सॉफ्ट," बाई म्हणाल्या.

गादीवाल्याचा चेहरा उजळला. "टू म्हणजे तर फारच..."

"टू म्हणजे प्रमाणाबाहेर," नणंदबाई मंद आवाजात म्हणाल्या. "टू म्हणजे इतकं की आता नको."

बाई केस झटकत उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच सलग बोलल्या. तुम्ही मला रोज नवीन गादी का दाखवता, असं त्यांनी इंग्रजीतून विचारलं. माझं काय चुकलं? पहिलीच गादी क्वाइट गुड होती. ती कुठे आहे?

नणंदबाई उठल्या आणि त्यांनी सरळच विचारलं, "क्वाइट गुड, की व्हेरी गुड?"

"येस," बाई म्हणाल्या.

"दोन्हींपैकी कोणतं?"

बाई गोंधळल्या. "सेम," त्या म्हणाल्या.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. त्या दाराशी गेल्या आणि फोनवर बोलू लागल्या, ते पत्र्यावर खडे पडावेत तसं काहीतरी होतं. नणंदबाईंनी कान देऊन ऐकलं. त्यात इंग्रजीचा एक शब्द नव्हता. फोन ठेवून बाई परत आल्या तेव्हा नणंदबाईंनी विचारलं, तुम्ही इंग्लिश नाही का? बाईंना हसू आलं. छे, त्या म्हणाल्या, आमच्या गावात तर कुणालाच इंग्रजी येत नाही. मी धंद्यासाठी संध्याकाळच्या वर्गात जाऊन शिकले. तिथल्या शिक्षिकेने सांगितलं होतं, सारखं व्हेरी व्हेरी म्हणू नका, बरं दिसत नाही, शब्द बदलत जा. म्हणून मी चार-पाच शब्द पाठ केलेत आणि ते पाळीपाळीने वापरते. एकदा क्वाइट, एकदा फेअरली, एकदा प्रिटी. कुणावर अन्याय नको.

नणंदबाई फळ्याकडे बघत होत्या. शिडी अजून तिथेच होती.

गादीवाली पुढे झाली. तिला इंग्रजीचे मोजकेच शब्द येत होते, ते सगळे तिने एका वाक्यात घातले. "मॅडम, फर्स्ट गादी, टू गुड?"

"टू गुड," बाईंनी दोन्ही हात छातीशी नेऊन म्हटलं. "टू, टू गुड."

नणंदबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या दोघींचं इंग्रजी एकमेकींना असं काही फिट बसलं होतं की मध्ये शिक्षकाला जागाच नव्हती.

आता अडचण अशी, की पहिली गादी या जगात नव्हती. तिचाच कापूस समोरच्या ढिगात होता, तिचीच खोळ त्यावर ताणून बसली होती. बाईंना तर तिच्यावर पुन्हा एकदा झोपून मगच ऑर्डर द्यायची होती. "फाइव्ह मिनिट," गादीवाली म्हणाली आणि नवऱ्याने गादी उचलून आत पळ काढला. पाच मिनिटांचं हे काम नव्हतं, निदान दुपार मोडणार होती.

गादीवाली नणंदेजवळ आली. त्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या, खिडकीशी बसायच्या तशाच.

"ताई, मला त्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही. त्या कंटाळून उठल्या तर तडक कोपऱ्यावरच्या दुकानात जातील."

"मी काय बोलू आता? आणि कशी बोलू? माझ्या प्रत्येक शब्दाचा ती भलताच अर्थ घेणार."

"घेऊ दे. तुम्ही नुसतं बोलत राहा. त्यांना उठू देऊ नका."

मागच्या खोलीत नवराबायको भराभर उसवू लागले. पुढच्या खोलीतून सुरुवातीला काहीच ऐकू येईना. मग एक आवाज आला. मग दोन.

"पहिल्यांदा कापूस किती होता गं?" गादीवाल्याने विचारलं.

"मी खोळ शिवते. कापूस तुम्ही भरता."

"हो, पण तू बघितलं असशील ना. साधारण किती?"

"बेताचाच होता."

"बेताचा म्हणजे जरासा?"

"जरासा नाही हो. बऱ्यापैकी होता."

"बऱ्यापैकी म्हणजे एवढा?" त्याने ओंजळ दाखवली.

"त्याहून थोडा जास्त. अगदी जास्त नाही. किंचित."

"किंचित की थोडा?"

गादीवालीने दाभण खाली ठेवलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाच घरात, एकाच भाषेत इतकी वर्षं बोलत होते, आणि एक ओंजळभर कापूस ठरत नव्हता. शेवटी गादीवाल्याने डोळे मिटले आणि हाताला आठवेल तसा कापूस पसरत गेला. त्याचा हात थांबला तिथे तिने कड घालायला घेतली.

पुढच्या खोलीत कुणीतरी हसलं. गादीवालीला वाटलं बाई हसल्या, पण हसू ओळखीचं होतं.

गादी बाहेर आली तेव्हा चहाचे दोन कप रिकामे होऊन बाजूला ठेवलेले होते आणि फळ्यावरची शिडी पुसून तिथे बाईंच्या गावाचा नकाशा काढलेला होता. बाईंनी बूट काढले, आडव्या झाल्या, डोळे मिटले. तिघं पुन्हा भोवती उभे राहिले. कितीतरी वेळ झाला, बाई काहीच बोलेनात. गादीवाला कावराबावरा झाला. मग हलकासा, एकसुरी आवाज येऊ लागला.

बाई घोरत होत्या.

"याचं मराठी करायला नको," नणंदबाई कुजबुजल्या.

उठल्यावर बाईंनी सगळ्या खोल्यांची ऑर्डर दिली. गादीवाल्याने दोन्ही हात जोडले, मग ते कमी वाटले म्हणून हातही मिळवला. निघताना बाई दाराशी थांबल्या आणि नणंदबाईंचा हात हातात घेतला. गेस्टहाऊसमधल्या नोकरमाणसांना पाहुण्यांशी इंग्रजी बोलता यायला हवं, तुम्ही रोज सकाळी येऊन शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. नणंदबाई काही म्हणणार, तेवढ्यात बाईंनी मनापासून, अगदी डोळ्यांत डोळे घालून, पुढचं वाक्य टाकलं.

"युअर इंग्लिश इज फेअरली गुड."

बाई गेल्या. गादीवाल्याने घाईघाईने पसरलेला कापूस गोळा करायला घेतला. नणंदबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"ताई," गादीवाली म्हणाली, "त्यांना फार चांगलं असं म्हणायचं होतं."

"ते कळलं मला."

"पाळीपाळीने वापरतात ना त्या. तुमच्या वेळेला फेअरलीची पाळी होती."

"हो गं, कळलं."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात पाणी प्यायला आल्या, भांडं ओठांपर्यंत नेलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"इतकी वर्षं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "बऱ्यापैकी."

गादीवालीला हसू फुटत होतं आणि वाईटही वाटत होतं. तिने हातातली भाजी चिरायची थांबवली. "मग जाणार नाही का तुम्ही?"

नणंदबाईंनी पाणी पिऊन टाकलं. "न जाऊन कसं चालेल? तिचं इंग्रजी तसंच सोडायचं का?"

गेस्टहाऊस उघडायच्या आधीच वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी नणंदबाई इस्त्रीचे कपडे घालून, पिशवीत खडूचा डबा टाकून निघाल्या. जाताना पाठ अशी ताठ, की मागून बघणाऱ्याला उंच बाई कोणत्या आणि या कोणत्या, असा प्रश्न पडावा. नवराबायको दिवसभर गाद्या भरत होते, पण दोघांचंही लक्ष रस्त्याकडे होतं.

दुपारी त्या आल्या, हातपाय धुतले आणि जेवायला बसल्या.

"कसा झाला वर्ग?" गादीवाल्याने विचारलं.

"बरा झाला," नणंदबाई म्हणाल्या.

गादीवाल्याने घास खाली ठेवला. "बरा म्हणजे, नुसता बरा, की..."

गादीवालीने ताटाआडून त्याच्या पायाला पाय लावला. तो थांबला. नणंदबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांच्या बाहीला खडू लागला होता, केसांची एक बट सुटली होती, आणि त्या खाली मान घालून, एरवीपेक्षा कितीतरी भराभर जेवत होत्या. मधेच त्यांनी रिकामं ताट पुढे केलं.

"वाढ," त्या म्हणाल्या.

गादीवालीने किती ते विचारलं नाही. ती वाढत गेली, आणि नणंदबाईंनी पुष्कळ वेळाने हात आडवा धरला.